ट्रान्सफॉर्मर्स परत बघितला आणि मला त्यावर बोलायचंय

निळा_ट्रक

परवा शनिवारी भाचा राहायला आला होता, नऊ वर्षांचा आहे, रात्री त्याला "गाड्यांचा पिक्चर" बघायचा होता म्हणून २००७ चा पहिला ट्रान्सफॉर्मर्स लावला, गाड्या उभ्या राहून रोबोट होतात तो. तो पिक्चर आला तेव्हा मी कॉलेजात होतो, थिएटरात दोनदा बघितलेला, नंतरचा प्रत्येक भाग पहिल्या आठवड्यात जाऊन बघितला आणि प्रत्येक वेळी बाहेर येताना काहीतरी हुकल्यासारखं वाटायचं. मित्र म्हणायचे अरे रोबोट रोबोटला हाणतायत, अजून काय पाहिजे तुला, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. परवा उत्तर सापडलं म्हणून हा धागा.

आधी आवडलं ते सांगतो. पहिला तास अजूनही जबरदस्त आहे. कतारच्या तळावर ते हेलिकॉप्टर उतरतं, आतल्या पायलटचं चित्र क्षणभर थरथरतं, पंखे मिटायला लागतात आणि अंगावर काटा येतो. आणि मग एकदम घरगुती मामला. सॅम नावाचा मुलगा, त्याचा बाप, जुन्या गाड्यांचं दुकान. सॅमकडे चार हजार डॉलर, दुकानदार पाचावर अडून बसलाय. रंग उडालेली पिवळी कमॅरो उभी आहे, तिच्या शेजारी पिवळी बीटल, आणि कमॅरोचं दार आपसूक उघडून धाडकन बीटलला लागतं. भाचा खदाखदा हसला. मी मागे घेऊन परत बघितला तो सीन, कारण ही कमॅरो म्हणजे बंबलबी नावाचा रोबोट, आणि खेळण्यांतला आणि कार्टूनमधला मूळ बंबलबी ही बीटलच होती. नवी गाडी जुन्या गाडीला बाजूला सारून आत येते आणि ते दहा सेकंदांत होऊन जातं.

पुढे तो बागेतला सीन, सॅम घरात खापरपणजोबांचा चष्मा शोधतोय आणि बाहेर पाच अवाढव्य रोबोट आवाज न करता उभे राहायचा प्रयत्न करतायत, बापाने जपलेलं गवत त्यांच्या म्होरक्याच्या, ऑप्टिमसच्या पायाखाली. त्यात एक गोळी नाही, स्फोट नाही, पण प्रत्येक रोबोट वेगळा कळतो. भाच्याला सगळ्यांची नावं पाठ झाली त्या सीनमध्येच.

आणि मग शेवटची शहरातली मारामारी. पंधराएक मिनिटं झाल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, आत्ता कोण कोणाला मारतंय?" मी म्हटलं थांब, आणि पॉज केलं. दोघं टीव्हीजवळ जाऊन उभे राहिलो. पडद्यावर करडं लोखंड, धूर, काचा, एक हात होता बहुतेक, तो कोणाचा ते मला सांगता येईना. एक फ्रेम पुढे, एक मागे. नाहीच कळलं.

लहानपणी मला जत्रेत एक ट्रक घेऊन दिला होता वडिलांनी, लाल केबिन, निळे पाय, ऑप्टिमसची नक्कल होती चायनाची. केबिन मागे ढकलायची, खालून पाय ओढायचे, कट्ट आवाज यायचा, मग आत दुमडलेली मूठ नखाने बाहेर काढायची. पहिल्या दिवशी तासभर लागला, आठवड्याने दिवे गेले तरी अंधारात करायचो. त्या खेळण्याची सगळी मजा यात होती की हा ट्रकचा कुठला भाग रोबोटचा कुठला भाग होतो ते बोटांना ठाऊक होतं. पिक्चरमध्ये तेच नेमकं हरवलं. शंभर तुकडे उडतात, फिरतात आणि रोबोट उभा. दिसतं भारी, पण माझ्या बोटांना काही कळत नाही. मला या सिनेमांकडून एवढंच हवं होतं.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा, सगळ्या भागांबद्दल चालेल.


कॅसेट_बी_बाजू

छान धागा. बोटांचं लिहिलंयत ते अगदी खरंय आणि त्याला कारण आहे, ही खेळणी आधी आली आणि गोष्ट नंतर. जपानच्या ताकारा कंपनीच्या दोन वेगळ्या मालिका होत्या, डायाक्लोन आणि मायक्रो चेंज. डायाक्लोनमधला रोबोट म्हणजे आत माणूस बसून चालवायचं यंत्र, त्याला स्वतःचा जीव नाही. मायक्रो चेंजमध्ये घरातल्या वस्तू त्यांच्या खऱ्या मापात, कॅसेट प्लेअर, पिस्तूल, खेळण्यातल्या छोट्या मोटारी. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने दोन्ही उचलल्या, एकत्र केल्या आणि १९८४ ला ट्रान्सफॉर्मर्स म्हणून आणल्या. नावं आणि स्वभाव मार्व्हल कॉमिक्सच्या लोकांनी लिहून दिले. म्हणून तर मेगाट्रॉन हा एवढा मोठा खलनायक, पण तो व्हायचा वॉल्थर पी-३८ पिस्तूल, आणि त्याचा उजवा हात साउंडवेव्ह व्हायचा कॅसेट प्लेअर. मापाचा काही मेळच नाही पण लहान मुलाला तो लागत नाही, एका हातात ट्रक दुसऱ्या हातात कॅसेट, लढाई सुरू.

सिनेमावाल्यांनी ठरवलं की वजन आणि आकार दोन्ही रूपांत सारखं पाहिजे, म्हणून पिस्तूल गेलं आणि मेगाट्रॉन परग्रहावरचं विमान झाला. ऑप्टिमसचा चपट्या नाकाचा ट्रक गेला आणि लांब नाकाचा पीटरबिल्ट आला, कारण तेवढं लोखंड असल्याशिवाय तेवढा उंच रोबोट होणार नाही. मला हा निर्णय पटलेला आहे. त्या वेळी निळ्या रंगावरच्या लाल ज्वाळांवरून आणि ऑप्टिमसला ओठ दिले म्हणून केवढी भांडणं झाली होती, मीही भांडलोय, पण आज बघताना तो ट्रक हायवेवरून येताना दिसतो तेव्हा छाती भरून येते.


पहिला_शो

माझं मत वेगळं आहे आणि मी ठामपणे मांडतो. मी हे सगळे भाग हिंदीत बघितलेत, आमच्याकडे तालुक्याला एकच थिएटर होतं तेव्हा, पत्र्याचं, पंखे आवाज करायचे, आणि त्या थिएटरात ऑप्टिमस पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा जी शिट्टी पडली ती मी नंतर कुठल्या हिरोच्या एन्ट्रीला ऐकली नाही. लोकं उभे राहिले होते. शेतात ट्रॅक्टर चालवणारी, गॅरेजमध्ये काम करणारी पोरं, त्यांना गाडीचं इंजिन, गिअर, सस्पेन्शन सगळं ओळखीचं, आणि ती गाडी उभी राहून बोलतेय. कोण कोणाला मारतंय हे कळलं नाही असं त्यातल्या एकाही पोराने म्हटलं नाही. धातू आपटल्याचा तो आवाज खुर्चीतून पाठीत शिरतो. टीव्हीवर पॉज करून बघायचा सिनेमाच नाही तो. दीडशे मिलियन डॉलर घातले आणि जगभरातून सातशेच्या वर आणले, लोकांना आवडल्याशिवाय येतात का?


रेंडर_नाइट

मी मुंबईत व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमाच्या व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये आहे, कंपॉझिटिंग करतो म्हणजे वेगवेगळी चित्रं एका फ्रेममध्ये जोडतो, सुरुवात रोटोपासून केली, म्हणजे फ्रेममधल्या आकृत्या कडेने कापून वेगळ्या करण्यापासून. या सिनेमांवर काम केलेलं नाही पण आमच्या पिढीतले निम्मे लोक २००७ चा हा पिक्चर बघून या लाइनमध्ये आलेत, मीसुद्धा.

निळा_ट्रक, तुम्ही म्हणता तुकडे जास्त झाले म्हणून कळत नाही, मला कारण वेगळं वाटतं. इफेक्ट्स करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक कंपनीने पहिल्या भागात ऑप्टिमसचे १०,१०८ भाग बनवले होते. एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे कॉम्प्युटरवर पूर्ण तयार व्हायला, ३८ तास लागल्याचं तेव्हा छापून आलं होतं आणि आम्ही ते वाक्य एकमेकांना म्हणून दाखवायचो. प्रत्येक पत्र्यावर आजूबाजूच्या रस्त्याचं, आकाशाचं प्रतिबिंब पडतं, ते खोटं वाटत नाही, आणि एवढ्या वर्षांनी आजही वाटत नाही हे मी रोज हेच काम करणारा माणूस म्हणून सांगतोय. त्या वर्षीचं व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर या टीमला मिळालं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

गोंधळ होतो तो रंग, कॅमेरा आणि कट यांच्यामुळे. चांगल्या बाजूचे रोबोट, म्हणजे ऑटोबॉट बघा, लाल-निळा, पिवळा, हिरवट पिवळा. त्यांचे शत्रू डिसेप्टिकॉन बहुतेक सगळे करडे. करड्या रस्त्यावर करड्या धुरात दोन करडे रोबोट गुंतले की बाहेरची आकृती हरवते, आणि डोळा आधी आकृती ओळखतो, बारकावे नंतर. त्यात कॅमेरा जमिनीवरून, जवळून, हलता, आणि दीड-दोन सेकंदांत कट. तुमच्या भाच्याची चूक नाही, त्याला बघायला वेळच दिलेला नाही.

याचा पुरावा दुसऱ्या भागातच आहे, २००९ चा. गोष्ट म्हणून तो भाग मला अजिबात आवडत नाही. पण त्यातली जंगलातली मारामारी काढून बघा, ऑप्टिमस एकटा आणि समोर तिघं. ती आयमॅक्स कॅमेऱ्यावर घेतलीय. कॅमेरा मागे गेला, शॉट लांब झाले, मागे हिरवी झाडं, पुढे लाल-निळा ऑप्टिमस. एकेक ठोसा कळतो. तोच दिग्दर्शक, तीच टीम.


निळा_ट्रक

@रेंडर_नाइट, आत्ता लगेच लावून बघितली ती जंगलातली मारामारी. मान्य. पूर्णपणे मान्य. तुकड्यांचा दोष नाही, दाखवण्याचा आहे. ऑप्टिमस पडतो तिथे माझ्या घशात आवंढा आला, आणि तो आला कारण कुठून वार झाला ते मला दिसलं.

@पहिला_शो, तुमच्या थिएटरचं वाचून मस्त वाटलं. माझा आवाजाबद्दल काही वाद नाही. पण मला वाटतं त्या पोरांना गाडी ओळखता येत होती म्हणूनच शिट्टी पडली. ट्रक उभा राहिला तेव्हा पडली, शेवटच्या मारामारीत, मिशन सिटीच्या धुरात पडली का ते आठवून सांगा.


शिकागोवाली

मी इथे शिकागोत राहते, मूळची सांगलीची. तिसऱ्या भागाचं शूटिंग २०१० च्या उन्हाळ्यात इथे डाउनटाउनमध्ये झालं, मिशिगन अ‍ॅव्हेन्यू आणि वॅकर ड्राइव्ह बंद ठेवले होते. तेव्हा माझं ऑफिस तिथेच. सकाळी कामाला जाताना रस्त्यात जळलेल्या गाड्या, उलटलेल्या टॅक्सी, सिमेंटचे ढिगारे, आणि नीट बघितलं की कळायचं यातले काही ढिगारे हलके आहेत, दोन माणसं मिळून उचलून बाजूला ठेवतायत. पण गाड्या खऱ्या होत्या. स्फोटाआधी सायरन व्हायचा आणि मग खिडकीची काच थरथरायची. विंगसूट घालून खरी माणसं इमारतींमधून उडाली होती, तो कॉम्प्युटरचा खेळ नाही. आई तेव्हा इथे आली होती, ती रोज दुपारी पुलापलीकडे जाऊन उभी राहायची बघायला.

म्हणून माझा आवडता तिसरा भाग, आणि तो फक्त माझं गाव त्यात आहे म्हणून नाही. रेंडर_नाइट जे म्हणतायत तेच तिथेही झालंय. तो थ्रीडीत काढला होता, जेम्स कॅमेरॉनने दिग्दर्शक मायकल बेला तयार केलं थ्रीडीसाठी. थ्रीडीमध्ये फार पटापट कट केले तर डोळ्यांना त्रास होतो, त्यामुळे शॉट लांब ठेवावे लागले. ती इमारत वाकते आणि माणसं तिरक्या मजल्यावरून काचेवरून घसरत जातात, तो सीन बघा, कोण कुठे आहे, खाली काय आहे, सगळं कळतं. लोखंडाच्या अळीसारखा तो ड्रिलर इमारतीला विळखा घालतो तेव्हा आमच्या इथल्या थिएटरात पूर्ण शांतता होती.


स्क्रू_ड्रायव्हर

कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे, पहिला भाग आला तेव्हा दहावीत होते. मिकेला ही मुलगी गाडीचं बॉनेट उघडते आणि सांगते की डिस्ट्रिब्युटर कॅप सैल झालीय. मला इतका आनंद झाला होता, पडद्यावर मुलगी आणि तिला इंजिन कळतंय! आणि त्याच क्षणी कॅमेरा इंजिन सोडून तिच्या पोटावर फिरतो. शेजारी माझा भाऊ बसला होता, मी मान खाली घातली. दुसऱ्या भागात तर तिच्या हातातलं ते काम जवळजवळ गेलंच. पहिल्या भागाच्या शेवटच्या लढाईत पाय तुटलेल्या बंबलबीला टोइंग ट्रकला बांधून रिव्हर्समध्ये गाडी घालणारी ती आहे, ते बहुतेकांना आठवतच नाही कारण पोस्टर आठवतं.

दुसऱ्या भागातले ते दोन जुळे रोबोट, स्किड्स आणि मडफ्लॅप, त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. कृष्णवर्णीय लोकांची टिंगल म्हणून बनवलेली पात्रं आहेत ती, वाचता येत नाही हा विनोद. अमेरिकेत त्यावर टीका झाली ती योग्यच झाली. तेव्हा लेखकांचा संप होता म्हणून पटकथा अर्धवट होती असं सांगतात. संप खरा होता, पण टिंगल संपामुळे येत नाही.

आता ज्यासाठी लॉगिन केलं ते. २०१८ चा बंबलबी तुम्ही भाच्याला दाखवलात का? ट्रॅव्हिस नाइटचा. तो माणूस स्टॉप-मोशनमधला, म्हणजे बाहुली हातात घेऊन एकेका फ्रेमला केसभर हलवणाऱ्यांपैकी. आणि लिहिलाय बाईने, क्रिस्टिना हॉडसनने. काळ १९८७ चा, चार्ली नावाची मुलगी, वडील गेलेत, ते आणि ती मिळून एक जुनी गाडी दुरुस्त करत असतात ती अर्धवट पडलीय गॅरेजमध्ये. आणि भंगारातून ती जी गाडी घरी आणते ती पिवळी बीटल! सुरुवातीची सायबरट्रॉनवरची, म्हणजे रोबोटांच्या मूळ ग्रहावरची लढाई बघा, जुन्या कार्टूनमधले आकार, एक लाल, एक निळा, प्रत्येक जण लांबून ओळखू येतो. तुमच्या बोटांना कळेल, मी सांगते.


पहिला_शो

@निळा_ट्रक, आठवून बघितलं. धुरात नाही पडली शिट्टी. ऑप्टिमस हायवेवर पळता पळता त्या डिसेप्टिकॉनला पुलावरून खाली घेऊन जातो तिथे पडली होती. ते कळत होतं.

पण स्क्रू_ड्रायव्हर ताई, बंबलबी चांगला असेल, मीही बघितलाय, पण तो जगभरात साडेचारशे-पावणेपाचशे मिलियनवर थांबला आणि तिसरा, चौथा प्रत्येकी अब्जाच्या वर गेले. २०२४ ला ते पूर्ण अ‍ॅनिमेशनमधलं ट्रान्सफॉर्मर्स वन आलं, ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन आधी मित्र होते त्याची गोष्ट, बघणारे सगळे चांगलं म्हणाले आणि थिएटरं रिकामी. चांगला काढला की लोक घरी बसतात आणि मग कंपनी म्हणणार स्फोटच पाहिजेत. याचं काय करायचं सांगा. मी त्या सिनेमाला मुलीला घेऊन गेलो होतो, आम्ही धरून अकरा माणसं होती.


कॅसेट_बी_बाजू

चौथा भाग चीनमध्ये तुफान चालला, गोष्ट हाँगकाँगला नेली होती, पावणेतीन तासांचा होता. पाचव्यात राजा आर्थर आणला, अँथनी हॉपकिन्ससारखा नट आणला, आणि कमाई सहाशे मिलियनवर आली. या दोन भागांवर मला याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

पण दुसऱ्या भागातल्या ऑप्टिमसच्या मरणावरून आठवलं. १९८६ ला जो कार्टूनचा सिनेमा आला त्यात ऑप्टिमस मरतो. कारण काय, तर जुनी खेळणी दुकानातून काढायची होती आणि नवीन विकायची होती. कंपनीला वाटलं जुनं खेळणं गेलं, नवं आलं. तिकडची मुलं थिएटरात रडली, घरी जाऊन खोलीचं दार लावून बसली, पालकांची पत्रं आली, आणि शेवटी कार्टून मालिकेत त्याला परत आणावं लागलं. मला ते फार मोठं वाटतं. विकायला काढलेली वस्तू होती आणि मुलांनी तिला माणूस करून टाकलं.

त्याचा आवाज पीटर कलेनचा. कलेनने सांगितलंय की त्यांचा मोठा भाऊ लॅरी व्हिएतनामला जाऊन आलेला सैनिक, ऑडिशनला निघताना त्याने सांगितलं की हिरो करतोयस तर ओरडू नकोस, ताकदवान माणूस मवाळ बोलू शकतो. तो आवाज भावाचा आहे. २००७ च्या वेळी चाहत्यांनी लावून धरलं की आवाज त्यांचाच पाहिजे, आणि तो मिळाला. हिंदी डबिंग चांगलंच आहे, पण एकदा मूळ आवाजात ऐका.


रेंडर_नाइट

+१ आवाजाबद्दल. आणि स्टीव्ह जॅब्लॉन्स्कीचं ते संगीत, ऑटोबॉट पृथ्वीवर उतरतात तेव्हाचं. रात्रपाळीला रेंडर लावून बसायचो तेव्हा हेडफोनवर तेच. उल्का पडतात, एक स्टेडियममध्ये, एक स्विमिंग पूलमध्ये, लहान मुलगी खेळणं घेऊन बाहेर येते आणि रोबोटला विचारते तू दातांची परी, पडलेला दात घेऊन जाते ती, आहेस का. कॅमेरा शांत आहे तिथे, बघा.


निळा_ट्रक

रविवारी भाच्याला बंबलबी दाखवला. सायबरट्रॉनवरच्या लढाईत मी मुद्दाम विचारलं कोण कोणाला मारतंय, त्याने चिडून सांगितलं "दिसतंय ना मामा". बीटल गॅरेजमध्ये उलगडते, घाबरून कोपऱ्यात अंग चोरून बसते, गुडघे छातीशी, आणि दरवाजे पाठीवर पंखांसारखे, तिथे तो सोफ्यावरून उतरून टीव्हीसमोर जमिनीवर जाऊन बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही.

मग माळ्यावरून माझा जुना ट्रक काढला. रबरी चाकं चिकट झालीत, उजव्या खांद्याची पिन गेलीय, हात लोंबतो. घरात पातळ खिळा मिळाला तो जाड पडतोय, जबरदस्ती केली तर प्लॅस्टिक फुटेल. कोणी केलंय का असलं काम?


स्क्रू_ड्रायव्हर

खिळा अजिबात नको. टाचणी घ्या, जाड डोक्याची नाही, शिवणकामातली साधी. खांद्याच्या भोकातून आरपार घाला, दुसऱ्या बाजूला दोन मिलिमीटर ठेवून पक्कडीने कापा आणि टोक जरा वाकवा. सैल वाटली तर टाचणीला सेलोटेपचा एक वेढा. फेविक्विक लावू नका, सांधा कायमचा बसेल.


निळा_ट्रक

झालं! टाचणी आणि टेपचे दोन वेढे. हात वर जातो, राहतो, पण पाचेक मिनिटांनी हळूहळू खाली येतो. भाचा ट्रक नाशिकला घेऊन गेला. काल ताईचा फोन आला होता, बसमध्ये पूर्ण वेळ उघडबंद करत होता म्हणे, आणि हात खाली येऊ नये म्हणून त्याने खांद्याला तिच्या केसांचं रबर लावलंय, काळं.